सर पॅट्रिक गेडिस

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यापन सुरू झाले, तेव्हा त्या विषयाचे पहिले प्राध्यापक म्हणून ज्यांची नेमणूक झाली ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, हे वाचून तुम्हांस नवल वाटेल. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

त्यांचा जन्म स्कॉटलंडमध्ये १८५४ साली झाला. पर्थ शहराजवळील टेकडीवर त्यांचे घर होते. घराचे नाव होते माउंट टेबर, म्हणजे पवित्र शास्त्रातील ताबोर डोंगरच! बागकाम त्यांनी तेथेच निवृत्त सैनिक वडिलांच्या हाताखाली शिकून घेतले. पुढे लंडनमध्ये प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ हक्सले यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले. परंतु १८७९ साली मेक्सिकोत असता त्यांची दृष्टी काही काळ गेली व अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे काढावे लागले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शक यंत्रावर दीर्घकाळ काम करणे दुरापास्त झाले. मग जीव व त्याचे भोवताल यांचा जो संबंध ते वनस्पतींत पाहत, तोच शहरांत पाहू लागले.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या भागातील एका गलिच्छ वस्तीत मुद्दाम बिऱ्हाड केले. स्वतः भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली. शेजारीही तसेच करू लागले. १८८७ पासून विद्यार्थ्यांची वसतिगृहेही त्यांनी याच वस्तीत उघडली. विद्यापीठ व शहर यांनी एकमेकांकडे पाठ करून राहू नये, असे त्यांचे मत होते. पुढे त्यांची कन्या नोरा हिने तेथील पडीक जागांवर मुलांसाठी बागा उठविल्या. सुट्टीत ते उन्हाळी वर्ग भरवीत, त्यांत देशोदेशींचे पंडित शिकवीत. डंडी येथे ते १८८८ पासून ३१ वर्षे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

हिंदुस्थानात ते १९१४ साली आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडविले. मित्रांनी नवे साहित्य जमवून धाडले व प्रदर्शन मद्रासेस झाले. याहून मोठा घाव १९१७ साली बसला. थोरला मुलगा फ्रान्समध्ये लढाईत पडला, आणि ती वार्ता कळण्यापूर्वीच पत्नी विषमज्वराने हिंदुस्थानात निवर्तली.

त्यानंतर लवकरच ते होळकरांच्या इंदूरात गेले. तेथे प्लेगची धास्ती होती, आणि घरे पाडणारा साहेब आला म्हणून लोक त्यांसही भीत. वस्तुतः दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या ते विरुद्ध होते. गल्लीबोळ पायी हिंडून मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावी, मोकळ्या जागी झाडे लावावी, विहिरी व तलाव न बुजविता स्वच्छ राखावे, त्यांत मासे व बदके असली म्हणजे डासांची पैदास आटोक्यात राहते, असे त्यांचे सांगणे असे. दिवाळीत त्यांनी मोठी मिरवणूक काढविली. तिचा मार्ग ज्या रस्त्यांतील घरे अधिक स्वच्छ झाली त्यांतूनच नेला. प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, शुभ्र वस्त्रे व हार घातलेले झाडूवाले मानाने चालत होते, आणि तुळशीची रोपे वाटली गेली. आमच्या मते त्यांच्या साऱ्या योजनांत ही मिरवणूकच सर्वांत शहाणपणाची होय. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ साली दोन भागांत छापला. त्यात त्या नगरीसाठी विद्यापीठाचीही कल्पना आहे.

मुंबईस त्यांनी १९२४ पर्यंत अध्यापन केले. दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, त्यामुळे व्याख्यान नीट ऐकू येत नसे. लिखाणही बरेच गुंतागुंतीचे. पुष्कळ योजना कागदावरच राहिल्या. तरी घुर्ये यांच्यासारखा शिष्य त्यांस लाभला, व पुढे तेच विभागप्रमुख झाले.

प्रकृती खालावल्यावर गेडिस फ्रान्समधील माँपेल्ये येथे गेले. तेथील विद्यापीठाच्या शहराबाहेर, खडकाळ टेकडीवर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले व सभोवती बाग उठविली. १९३२ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी, त्याच टेकडीवर, त्यांचे देहावसान झाले.