झाडू हाती घेतलेले संत मार्टिन



३ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा संत मार्टिन डी पोरेस ह्यांचा सण साजरा करते. काळासावळा चेहरा, पांढरा झगा, हातात झाडू आणि पायाशी एकाच थाळीत खाणारे कुत्रा, मांजर व उंदीर, अशी त्यांची तसबीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. उंदरामांजरांच्या गोष्टी मुलांना फार आवडतात. आज मात्र आपण ह्या संताच्या घरात डोकावू या, कारण त्यांचे पहिले दुःख घरातच सुरू झाले.

डिसेंबर १५७९ मध्ये पेरू देशातील लिमा शहरात मार्टिनचा जन्म झाला. तेव्हा तेथे स्पेनची सत्ता होती. वडील हुआन डी पोरेस हे स्पॅनिश सरदार घराण्यातले. आई आना वेलास्केस ही आफ्रिकन वंशाची, पूर्वी गुलाम असलेली व नंतर मुक्त झालेली स्त्री. दोघांचे लग्न झालेले नव्हते. मूल आईच्या रंगावर गेले आणि हुआनने त्याला आपले नाव देण्याचे टाळले. सान सेबास्टियान चर्चच्या नोंदवहीत ह्या बाळाच्या स्नानसंस्काराची नोंद आहे. आईचे नाव आहे, ती मुक्त गुलाम असल्याचे लिहिले आहे, पण वडील मात्र अज्ञात म्हणून नोंदवले आहेत. वडील त्याच शहरात वावरत होते आणि तरीही अज्ञात!

त्या काळच्या लिमात माणसाची किंमत कातडीवरून ठरे. गोरा स्पॅनिश सर्वांत वर, गुलाम सर्वांत खाली आणि मधल्या प्रत्येक मिश्रणाला वेगळे नाव व वेगळी पायरी. हुआन काही राक्षस नव्हता. आपल्या लोकांत चार माणसे काय म्हणतील, ह्या एका भीतीने त्याने स्वतःचे मूल परके केले. पुढे त्याने मार्टिन व धाकटी बहीण हुआना ह्या दोघांना आपले मानले, काही काळ ग्वायाकिलला नेऊन शिकवलेही. पण आधीची वर्षे आईने एकटीने, गरिबीत काढली होती.

हे वाचताना आपल्याला त्या सरदाराचा राग येतो. पण बाळ जन्मले की आपल्या घरी पहिला प्रश्न कोणता असतो? मुलगा की मुलगी, आणि लगेच दुसरा, रंग कोणावर गेलाय? स्थळ पाहताना उजळ वर्णाची अट आपण आजही निःसंकोच घालतो. अमक्या आळीतले लोक असेच, तमक्या समाजाची मुलगी आपल्याकडे टिकायची नाही, असे आपण बोलतो आणि मुले ऐकत असतात. हुआनही हे कोणाच्या तरी घरात बसूनच शिकला असणार.

मार्टिन लिमाला परतला व न्हाव्याच्या हाताखाली काम शिकू लागला. त्या काळी न्हावी केस कापण्याबरोबर जखमा बांधत, रक्त काढत, औषधपाणीही करत. वयाच्या पंधराव्या वर्षी तो डोमिनिकन संघाच्या मठाच्या दारी गेला. पण काळ्यांना व मूळ रहिवाशांना आणि त्यांच्या वंशजांना संघाचे पूर्ण सदस्य होता येत नसे. तेव्हा मार्टिन मठात नोकर म्हणून राहिला आणि झाडू हाती घेतला. सरदाराच्या मुलाने झाडलोट करावी हे वडिलांना खटकले, असे चरित्रकार सांगतात. आधी मुलाच्या रंगाची लाज, मग त्याच्या कामाची! नऊ वर्षांनी, १६०३ मध्ये, वरिष्ठांनी त्यांना बंधू म्हणून व्रते घेऊ दिली.

मठातही त्यांना जातीवरून हिणवणारे होतेच. त्याच लोकांच्या आजारपणात ब्रदर मार्टिन रात्र रात्र उशाशी बसत. आफ्रिकेतून जहाजाने आणलेल्या गुलामांचीही त्यांनी सेवा केली. एकदा अंगभर जखमा असलेल्या भिकाऱ्याला त्यांनी स्वतःच्या बिछान्यावर झोपवले. एका बंधूने नाक मुरडले, तेव्हा चादर साबणाने धुता येते, पण निर्दयपणाचा डाग सहज निघत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले म्हणतात.

आणखी एक हकिगत सांगतात. मठ कर्जात बुडाला आणि वरिष्ठ मौल्यवान वस्तू विकायला निघाले. मार्टिन धावत मागे गेले व आपल्यालाच गुलाम म्हणून विकावे, अशी विनंती करू लागले. वरिष्ठांनी ती मानली नाही. ज्यांची आई गुलामीतून सुटली होती, त्यांनी ही तयारी दाखवावी, ह्यापुढे आम्हांला तरी शब्द सुचत नाहीत.

घर मात्र त्यांनी तोडले नाही. बहीण हुआनाच्या संसारात भांडण झाले, तर हे समेटासाठी हजर. भाचीच्या लग्नासाठी पैशाची सोयही त्यांनीच केली, असे सांगतात. लिमातील बेवारस मुलांसाठी निवारा उभा करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

३ नोव्हेंबर १६३९ रोजी त्यांचे निधन झाले. लिमाची संत रोझ हिचा स्नानसंस्कार १५८६ मध्ये ह्याच सान सेबास्टियान चर्चमध्ये झाला होता. ती स्पॅनिश सैनिकाची मुलगी. मृत्यूनंतर ५४ वर्षांत, १६७१ मध्ये, ती संत घोषित झाली. मार्टिन ह्यांना १८३७ मध्ये धन्यवादित म्हटले गेले आणि ६ मे १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन ह्यांनी त्यांना संतपद दिले. म्हणजे मृत्यूनंतर ३२३ वर्षे लागली. अशा उशिराला कारणे अनेक असतात, पण एकाच चर्चमधल्या ह्या दोन लेकरांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत असे आहेत.