मुंग्यांचे पालक

मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचे मरण जवळ आले, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. परळी वैजनाथच्या परिसरात मृगाचे पाऊस पडू लागले, की कित्येकदा जमिनीतून पंखधारी मुंग्यांचे थवे वर उठताना दिसतात. त्यांतील नर लवकरच मरतात, हे खरे. परंतु मादीचे खरे आयुष्य तेथूनच सुरू होते. आपले पंख ती स्वतःच गाळून टाकते, मातीत शिरते आणि नव्या वसाहतीची राणी होते. हे कार्य ती कामकरी मुंग्यांच्या मदतीवाचून करू शकते काय, या प्रश्नावर एके काळी विद्वानांत मतभेद होते. आपल्या बागेत सापडलेल्या मुंग्या सांभाळून ज्यांनी त्याचे उत्तर शोधले, ते गृहस्थ म्हणजे सर जॉन लबक.

जॉन लबक यांचा जन्म 30 एप्रिल 1834 रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील पेढीचे मालक असून गणितज्ञही होते. जॉन आठ वर्षांचा असताना एके दिवशी वडिलांनी घरी येऊन एक मोठी आनंदाची बातमी असल्याचे सांगितले. आपल्याला तट्टू मिळणार, असे त्या बालकाला वाटले. बातमी निराळीच होती. चार्ल्स डार्विन हे शास्त्रज्ञ शेजारच्या डाउन या गावी राहावयास येणार होते. जॉनची निराशा झाली. पण हा शेजार तट्टूपेक्षा किती मोलाचा होता, हे त्याला पुढे कळून आले. डार्विन यांनी त्याला सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहावयास शिकविले आणि निरीक्षणाची गोडी लावली.

घरच्या पेढीत माणसांची गरज भासल्यामुळे कोवळ्या वयातच जॉनची शाळा सुटली. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना कधीच लाभले नाही. तथापि दिवसा पेढीचे काम आणि उरलेल्या वेळात शास्त्राचा अभ्यास, असा नेम त्यांनी जन्मभर पाळला. पुढे ते पार्लमेंटचे सभासद झाले. पेढ्यांतील नोकरांना हक्काच्या सुट्ट्या देणारा कायदा 1871 साली त्यांच्याच प्रयत्नाने झाला. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा 1882 चा कायदाही त्यांच्याच खटपटीचे फळ होय.

इतक्या व्यापातही त्यांच्या घरी मुंग्यांच्या वसाहती नांदत होत्या. दोन काचांमध्ये मुंगीला जेमतेम चालता येईल एवढी फट ठेवून ते तीत बारीक माती भरीत. मुंग्यांना उजेड रुचत नाही, म्हणून वर आच्छादन घालीत. त्या पळून जाऊ नयेत म्हणून घरट्याभोवती पाण्याचा खंदक असे. एकेका मुंगीच्या अंगावर रंगाचा ठिपका देऊन ते तासन् तास तिची हालचाल टिपून ठेवीत. व्हायोलिन वाजवून पाहिले, तरी मुंग्यांनी त्याची दखल घेतली नाही. उलट, माणसाच्या डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण मात्र त्यांना जाणवतात, असे त्यांना आढळून आले.

ऑगस्ट 1876 मध्ये त्यांना बागेत पंखधारी मुंग्यांच्या दोन जोड्या उडताना सापडल्या. ओलसर माती, अन्न आणि पाणी देऊन त्यांनी त्या निराळ्या ठेवल्या. हिवाळा सुखरूप पार पडला. एप्रिलमध्ये अंडी दिसली. मे महिन्याच्या मध्यापर्यंत दोन्ही नर मरून गेले. जूनमध्ये अळ्या निघाल्या आणि जुलैमध्ये पहिली कामकरी मुंगी बाहेर आली. कोणाच्याही मदतीवाचून राणी पिल्ले वाढवून वसाहत स्थापू शकते, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

एकदा मुंग्यांना नव्या घरट्यात नेताना लबक यांच्या हातून चुकून एक राणी चिरडली गेली. मेलेली कामकरी मुंगी असती, तर इतर मुंग्यांनी तिला बाहेर नेऊन टाकले असते. राणीला मात्र त्यांनी नव्या घरी नेले आणि कित्येक आठवडे त्या तिच्याभोवती जमत राहिल्या. आपली ही चूक लबक यांनी लपविली नाही. निरीक्षणासह ती प्रामाणिकपणे ग्रंथात नोंदविली.

डिसेंबर 1874 मध्ये त्यांनी आणलेल्या दोन राण्यांपैकी एक 1887 च्या जुलैमध्ये मेली. दुसरी 8 ऑगस्ट 1888 पर्यंत जगली. तिचे वय पंधरा वर्षांच्या जवळ गेले असावे. मुंगी एखादा हंगामच जगते, असे मानणाऱ्या काळात ही गोष्ट नवलाची ठरली.

त्यांचा मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांवरील ग्रंथ 1882 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन यांनी 1892 साली मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात इकडील मुंग्यांविषयी विस्तृत लेख लिहिले. लबक यांना 1900 साली लॉर्ड ॲव्हबरी हा किताब मिळाला. 28 मे 1913 रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, परसात खुरपताना एखाद्या ढेकळाखाली तुम्हांलाही मोठ्या पोटाची, रुंद पाठीची मुंगी एकटीच आढळेल. तिच्या पाठीवर गळालेल्या पंखांच्या खुणा दिसल्या, तर ती राणी समजावी. तिला पाळावयाचेच असेल, तर लहान काचनळीत कापसाच्या बोळ्यामागे पाणी ठेवून तिला अंधार आणि निवांतपणा द्यावा. तिला वारंवार हलवू नये. पहिल्या कामकरी मुंग्या निघाल्यावर मधाचा थेंब द्यावा. एवढा धीर आपल्यापाशी नसेल, तर ढेकूळ अलगद पूर्ववत ठेवावे. त्याच्याखाली एका नव्या वसाहतीचा पाया घातला जात असतो.