कचेऱ्यांना राजवाड्याचे वैभव देणारा वास्तुविशारद : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे रोज लाखो प्रवासी केवळ रेल्वे स्थानक म्हणून पाहतात. प्रत्यक्षात रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली ती घुमटाची भव्य वास्तू मुळात एका रेल्वे कंपनीची कचेरी म्हणून उभारली गेली. गाड्यांचे फलाट तिला लागून आहेत. देवळे, चर्च आणि राजवाडे यांच्यासाठी राखून ठेवलेले शिल्पवैभव व्यापारी कंपन्यांच्या आणि नगरसंस्थांच्या कचेऱ्यांना बहाल करणे, हेच या वास्तूचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सार होय.

स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ मध्ये इंग्लंडमधील बाथ या शहरात झाला. तेथील वास्तुविशारद चार्ल्स डेव्हिस यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. सार्वजनिक बांधकाम खात्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८६७ मध्ये, वयाची विशी गाठण्यापूर्वीच, ते हिंदुस्थानात आले. त्यांची पहिली नेमणूक पुण्यात झाली. पुढे ते मुंबईला आले. हा काळ त्यांच्या पथ्यावर पडणारा होता. किल्ल्याचे तट नुकतेच पाडले गेले होते, मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवे शहर आकार घेत होते आणि कापसाच्या व्यापारातून आलेला पैसा दगडी इमारतींत उतरत होता.

रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे त्यांचे पहिले मोठे स्वतंत्र काम. खलाशांच्या निवासासाठी बांधलेल्या या इमारतीला बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी दोन लाख रुपयांची देणगी दिली होती. १८७६ मध्ये ती पूर्ण झाली. पुढे याच वास्तूत विधिमंडळाची अधिवेशने भरू लागली आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरही १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत राज्याचे कायदे येथेच संमत होत राहिले. आज तेथे राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे.

या यशानंतर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने आपल्या मुख्यालयाचे व स्थानकाचे काम स्टीव्हन्स यांच्याकडे सोपवले. तेव्हा ते जेमतेम तिशीत होते. आराखडा सिद्ध करण्यापूर्वी त्यांनी युरोपातील प्रमुख स्थानकांची पाहणी केली. १८७८ मध्ये सुरू झालेले बांधकाम पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली आणि सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. इटालियन गॉथिक शैलीची कमानदार रचना, तिच्यावर आठ कोनांचा दगडी घुमट, घुमटाच्या माथ्यावर प्रगतीचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह व हिंदुस्थानचा वाघ, अशी तिची योजना आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ मध्ये, तिला राणीचे नाव देण्यात आले.

या वैभवामागचे हात एकट्या स्टीव्हन्स यांचे नव्हते. सहायक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या कामावर होते. दगडात कोरलेली पाने, फुले, पक्षी आणि प्राणी यांचे नमुने सर जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली घडवले. इंग्रज वास्तुविशारदाचा आराखडा आणि एतद्देशीय अभियंते, विद्यार्थी व पाथरवट यांचे कसब यांच्या संयोगातून ही वास्तू उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

काम अर्धे झाले असतानाच, १८८४ मध्ये, स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय थाटला. निश्चित वेतन व निवृत्तिवेतन यांवर पाणी सोडण्याचा हा निर्णय धाडसाचा होता. सरकारी खात्यात काम वरून नेमून मिळत असे. आता विमा कंपन्या, बँका आणि रेल्वे कंपन्यांच्या संचालकांना ते पटवून द्यावे लागणार होते. फ्लोरा फाउंटनजवळ, आजच्या हुतात्मा चौकाशेजारी, शाळेसाठी बांधलेल्या एका इमारतीचा कायापालट करून त्यांनी ओरिएंटल विमा कंपनीसाठी डौलदार कार्यालय उभे केले. विम्यासारख्या धंद्याची सारी भिस्त लोकांच्या विश्वासावर असते. दगडी भिंती, उंच छपरे आणि मनोरे पाहून ठेवीदाराला संस्था टिकाऊ वाटावी, हा अशा इमारतींचा हेतू असे.

मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयाचा मार्ग मात्र सरळ नव्हता. त्याची पायाभरणी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते १८८४ मध्येच झाली होती. पण प्रत्यक्ष बांधकामाला १८८९ मध्ये हात लागला. मद्रासमध्ये नावाजलेले वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांचाही आराखडा विचाराधीन होता. अखेर स्टीव्हन्स यांची निवड झाली आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. रेल्वे मुख्यालयासमोरच तेवढ्याच तोलाची, तरी वेगळी इमारत उभी करण्याचे आव्हान त्यांनी येथे पेलले. गॉथिक कमानींच्या जोडीला त्यांनी पौर्वात्य वळणाचे फुगीर घुमट आणले. येथेही अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते, तर कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी काळेवार.

चर्चगेट येथील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे मुख्यालय ही या प्रवासातील पुढची पायरी. १८९९ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत काळसर निळ्या बेसॉल्टच्या खडबडीत भिंती आणि पोरबंदरच्या पांढऱ्या दगडाचे कोरीव काम यांचा मेळ आहे. ही इमारत निव्वळ कचेरी आहे. स्थानक रस्त्यापलीकडे आहे. मुंबईबाहेर, नैनीताल येथील राजभवनाचा आराखडाही स्टीव्हन्स यांच्याच नावे आहे.

५ मार्च १९०० रोजी हिवतापाने त्यांचे मुंबईत निधन झाले. तेव्हा ते अवघे ५२ वर्षांचे होते. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांचे पुत्र चार्ल्स फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी पित्याचाच व्यवसाय पुढे चालवला. मात्र पित्याची शैली गिरवत ते बसले नाहीत. १९३३ मध्ये कुलाब्यात सुरू झालेले रीगल चित्रपटगृह त्यांनी आर्ट डेको शैलीत उभारले. एकाच घराण्याच्या व्यवसायात कोरीव दगडाकडून सिमेंट-काँक्रीटच्या गुळगुळीत रेषांपर्यंतचे हे स्थित्यंतर मुंबईच्या बदलत्या व्यापारी जीवनाचेही होते.

व्यापारी इमारतींचे आयुष्य बहुधा अल्प असते. धंदा वाढला की जुनी कचेरी पाडून नवी बांधली जाते. स्टीव्हन्स यांच्या इमारतींचे तसे झाले नाही. ज्या कंपन्यांसाठी त्यांनी मुख्यालये बांधली, त्या रेल्वे कंपन्या १९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वेत विलीन झाल्या; पण त्या रेल्वेंचा कारभार आजही त्याच छपराखालून चालतो. महानगरपालिकाही आपल्या मूळ वास्तूतच आहे. रुंद व्हरांडे, उंच दालने आणि खेळती हवा यांमुळे मुंबईच्या दमट उन्हाळ्यात व मुसळधार पावसातही या इमारती कामाच्या राहिल्या. २००४ मध्ये युनेस्कोने टर्मिनसला जागतिक वारसास्थळाचा मान दिला. तरीही तिकीट काढणाऱ्या प्रवाशांची आणि टेबलावर फायली घेऊन बसलेल्या कर्मचाऱ्यांची तेथील वर्दळ थांबलेली नाही. संग्रहालयात जमा न होता, ज्या कामासाठी बांधली त्याच कामी सव्वाशेहून अधिक वर्षे येणारी वास्तू, हाच फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या कर्तृत्वाचा सर्वांत मोठा पुरावा आहे.