रद्दीत गेलेले पक्षी

स्मरणिकेसाठी 'तुमचं ते पक्ष्यांचं काहीतरी लिहा' असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा वाटलं, गच्चीवरून दिसणाऱ्या पक्ष्यांची यादी द्यावी आणि मोकळं व्हावं. तांबट, शिंजीर, घार, भारद्वाज, पावसाळ्यात मागच्या डबक्यावर येणारी पाणकोंबडी. पण ही यादी नोटीस बोर्डावर दोनदा लावून झाली आहे. म्हणून या वेळी एका माणसाची गोष्ट सांगतो. तुम्ही सगळे त्याला ओळखता. शाळेत एका मार्काच्या प्रश्नात तो आपल्याला भेटला होता : राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत कोणत्या इंग्रज अधिकाऱ्याने पुढाकार घेतला? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. मार्क मिळाला, विषय संपला. हाच माणूस हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा माणूस होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आणि कळलं ते अशा वेळी, की अगदी वर्मी लागलं. ते का, ते ओघात येईलच.

ह्यूमसाहेबांचा जन्म १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम ब्रिटिश पार्लमेंटात होते, सरकारी उधळपट्टीवर तुटून पडणारे, सुधारणावादी. मुलगा विसाव्या वर्षी, १८४९ साली कंपनी सरकारच्या नोकरीत इकडे आला आणि पुढे इटाव्याला जिल्ह्याचा अधिकारी झाला. इटावा म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातलं, यमुनेकाठचं. आजही सारस क्रौंच बघायला लोक तिकडे जातात. तिथे त्यांनी गावोगाव फुकट शाळा काढल्या, लोकांच्या वर्गणीतून. आणि फावल्या वेळात पक्षी जमवायला लागले.

'जमवायला' म्हणजे मारून. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी दुर्बिणीने पक्षी ओळखून वहीत लिहिणं असं काही नव्हतं. पक्षी बंदुकीने टिपायचा, कातडं सोलून भुसा भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची : ठिकाण, तारीख, नर की मादी. आज आपल्या रविवारच्या मंडळींना हे ऐकून कसंतरी होईल. मलाही होतं. पण आज आपल्या हातात असतं ते पक्ष्यांचं पुस्तक त्या चिठ्ठ्यांवर उभं आहे, हेही तितकंच खरं.

१८५७ च्या धामधुमीत ह्यूमसाहेबांना इटावा सोडून काही महिने आग्र्याच्या किल्ल्यात राहावं लागलं. परत आले तेव्हा पहिला संग्रह नष्ट झालेला होता. हा पहिला फटका. दुसऱ्या कुणी बंदूक खुंटीला टांगली असती. यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

१८६७ साली त्यांच्याकडे मिठाच्या नाक्यांचं खातं आलं. मिठावरचा कर चुकवून माल इकडून तिकडे जाऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून महानदीपर्यंत, दोन हजार मैलांहून लांब अशी पहाऱ्याची रेषा आखली होती, आणि तिच्या बऱ्याच भागात चक्क काटेरी झाडांचं जिवंत कुंपण लावलं होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी केवढा हा खटाटोप! पण या खात्याच्या साहेबाला फिरतीच फिरती. घोड्यावरून नाके तपासत जायचं आणि वाटेत दिसेल तो पक्षी टिपायचा. आमच्यात कुणी फिरतीच्या नोकरीत असलं की आम्ही त्याचा हेवा करतो, त्यातलाच प्रकार. याच वर्षी सतलजच्या खोऱ्यात, रामपूरजवळ त्यांना एक साधासा, मातकट रंगाचा वटवट्या मिळाला. असा दुसरा पक्षी पुढे कुणालाच सापडेना. एकशे एकोणचाळीस वर्षं जगात त्याचा तेवढा एकच नमुना होता. काही लोक म्हणायला लागले की ही वेगळी जात नसेलच. २००६ साली थायलंडमध्ये तो जिवंत सापडला. ह्यूमसाहेब बरोबर होते.

१८७१ मध्ये ते महसूल, शेती आणि व्यापार खात्याचे सचिव झाले. सिमल्याला जाखू टेकडीवर 'रॉथनी कॅसल' नावाचं मोठं घर घेतलं, त्यावर अतोनात पैसा ओतला आणि मागच्या बाजूला पक्ष्यांचं खाजगी संग्रहालय उभं केलं. सिंध, अंदमान, लक्षद्वीप, शेवटी १८८१ मध्ये मणिपूर, अशा लांबलांबच्या मोहिमा काढल्या. मणिपूरमध्ये एक लावा उंच गवतातून दिसेना, तर माणसं लावून एक दिवस गवताचं रानच कापून काढलं आणि तो मिळवला. हट्टी माणूस! आमच्या ग्रुपमध्ये असते तर त्यांच्याशी कुणाचं पटलं असतं असं वाटत नाही.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच. १८७२ मध्ये त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक सुरू केलं. विखुरलेली पिसं. नावातच सगळं आलं. देशभर विखुरलेले इंजिनिअर, डॉक्टर, फौजदारी आणि मुलकी अधिकारी, चहामळ्यांवरचे लोक, ज्यांना ज्यांना पक्ष्यांचा नाद होता त्यांना त्यांनी पत्रं लिहून लिहून कामाला लावलं. कुठे काय दिसलं, घरटं कशावर, अंडी किती, विणीचा महिना कोणता. चुकलं की साहेब छापील पानावर कान उपटायचे. लोक त्यांना पक्षीशास्त्राचे पोप म्हणत, ते कौतुकानेही आणि थोडं वैतागूनही. आज मोबाईलवर आपण क्षणात नोंद टाकतो. ते काम हा माणूस टाक आणि टपालाच्या जोरावर करत होता. पुढे राष्ट्रीय सभा जमवताना त्यांनी हेच केलं असं मला नेहमी वाटतं. गावोगावची माणसं हेरायची, पत्रं लिहायची, एकमेकांशी जोडून द्यायची. हा विचार माझा, इतिहासाच्या मास्तरांनी तपासून घ्यावा.

१८७९ मध्ये सरकारने त्यांना सचिवपदावरून काढलं. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते आणि ह्यूमसाहेब वरिष्ठांना तोंडावर सुनवायला कचरत नसत. अलाहाबादला दुय्यम जागेवर पाठवलं गेलं. १८८२ मध्ये त्यांनी नोकरीच सोडली. मनात एकच होतं : हिंदुस्थानातल्या समस्त पक्ष्यांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहायचा. त्यासाठी वीस-पंचवीस वर्षांची टिपणं सिमल्याच्या घरात रचलेली होती.

आणि मग ते झालं. ते सिमल्याबाहेर असताना एका नोकराने संग्रहालय फोडलं आणि आतली हस्तलिखितं बाजारात रद्दी म्हणून विकली. थोडीथोडकी नव्हेत, कित्येक मण कागद. सुमारे सातशे जातींच्या पक्ष्यांची कमीअधिक पुरी झालेली चरित्रं त्यात होती. बारीकसारीक चिठ्ठ्या चोराने तशाच ठेवल्या. पूर्ण ताव तेवढे नेले, कारण वाण्याला पुडी बांधायला पूर्ण तावच लागतो. सिमल्याच्या बाजारात कुणी मिरच्या, कुणी हळद त्या कागदांत बांधून घरी नेली असेल.

आता माझं सांगतो. १९९९ साली आपल्या बिल्डिंगचा ताबा मिळाला तेव्हा आम्ही कल्याणच्या चाळीतल्या खोलीतून इथे आलो. टेम्पो दुपारी दोनला येणार होता. मी घाईघाईत पोटमाळा रिकामा केला आणि रद्दीवाल्याला सांगितलं, सगळं उचल. संध्याकाळी इथे, बिनपंख्याच्या हॉलमध्ये बसून खोके उघडले तेव्हा लक्षात आलं की माझ्या अकरा वह्या नाहीत. पंधरा वर्षांच्या नोंदी. पहिल्या लोकलने परत गेलो. रद्दीवाला म्हणाला, गठ्ठा रात्रीच भिवंडीला गेला, काका. एकूण बत्तीस रुपये आले होते, ते मी आदल्या दिवशीच मोजून घेतले होते. ह्यूमसाहेबांना नोकराला तरी बोल लावता आला. मी कुणाला लावणार? त्यानंतर चार वर्षं मी दुर्बीण हातात धरली नाही. सौ.ने ती डब्यात घालून वर ठेवून दिली, एका शब्दाने बोलली नाही. पुढे एका मित्राने ह्यूमसाहेबांच्या रद्दीची हकिगत सांगितली आणि मी या माणसाचं मिळेल ते वाचायला लागलो. बघायचं एवढंच होतं, की यांनी पुढे काय केलं.

यांनी जे केलं ते मला जमलं नसतं. ग्रंथाचा नाद सोडला. दरम्यान थिऑसॉफीच्या नादाने मांसाहार सोडला होता, पक्षी मारणंही थांबवलं होतं. त्यात १८८५ मध्ये सिमल्याला अतिवृष्टी झाली, डोंगर खचला, संग्रहालयाचं नुकसान झालं. कातड्यांना कीड लागत होती. वीसेक हजार नमुने त्यांना आधीच नष्ट करावे लागले होते. शेवटी उरलेला सगळा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. विकला नाही, दिला. तिथून बाउडलर शार्प नावाचे तज्ज्ञ मुद्दाम सिमल्याला आले. सुमारे ब्याऐंशी हजार पक्षी, शिवाय हजारो अंडी, देवदाराच्या सत्तेचाळीस पेट्यांत भरली. एकेक पेटी अर्ध्या टनाची. बैलगाड्यांनी डोंगर उतरून कालका, तिथून मुंबई बंदर, आणि तिथून बोटीने विलायत.

आणि तारखा बघा. पक्षी गेले १८८५ मध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, अठ्ठावीस तारखेला, ह्यूमसाहेब मुंबईत गवालिया टँकच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत बहात्तर प्रतिनिधींबरोबर बसले होते. सभा खरं तर पुण्याला व्हायची होती, तिथे पटकी पसरली म्हणून मुंबईत आणली. आपण एका मार्काला जे लिहिलं ते हे. त्याच्या मागे केवढं काय सोडून हा माणूस तिथे आला होता, ते कुणी सांगितलं नव्हतं. पुढची वीसेक वर्षं राष्ट्रीय सभेचं काम केलं, त्यासाठी आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

उरलेल्या चिठ्ठ्यांचंही त्यांनी चीज केलं. त्या युजीन ओट्स नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाच्या हवाली केल्या आणि घरटी व अंडी यांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती १८८९ पासून निघाली. १८९४ मध्ये ते विलायतेला परतले. तिथे स्वस्थ बसायचं? तर नाही, झाडांच्या मागे लागले, आणि ऐंशी वर्षांचे असताना, १९१० मध्ये, दक्षिण लंडनमध्ये वनस्पती अभ्यासासाठी संस्था काढली. १९१२ च्या जुलैअखेर ते गेले. बातमी आली तेव्हा इटाव्याचा बाजार बंद राहिला.

त्यांचा एक पक्षी मात्र आपल्या दाराशी आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातून एक लहान घुबड पाठवलं. ह्यूमसाहेबांनी १८७३ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्ये त्याचं वर्णन छापलं. हाच रानपिंगळा. आपल्या साध्या पिंगळ्यासारखाच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, अंगाने दणकट, आणि भर दिवसा उघड्या फांदीवर बसणारा. १८८४ मध्ये डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवला, आणि नंतर गायब. १९१४ चा एक नमुना गुजरातचा म्हणून दाखवत, पण तो जुनाच, चोरून नव्याने भरलेला निघाला. ती लबाडी उघड करणाऱ्या पामेला रॅसमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग खोटा पत्ता सोडून खऱ्या पत्त्यावर शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटात सापडला. आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात, म्हणजे आपल्याकडून लोकलने दीड-दोन तासांवर.

ती तानशाची बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९४ च्या हिवाळ्यात तानशालाच मी दुपारच्या उन्हात, साग झडलेल्या उतारावर एक पिंगळा पाहिल्याचं आठवतं. भर दुपारी हा इथे कसा, असं वाटून मी त्याचं चित्र काढलं होतं, खाली डोक्याबद्दल काहीतरी लिहिलंही होतं. ठिपके होते असं लिहिलं, की नव्हते असं? साधाच पिंगळा असेल. शंभरात नव्व्याण्णव वेळा तोच असतो, आणि तोही दिवसा दिसतोच. पण ते लिहिलेलं सातव्या की आठव्या वहीत होतं.

तेव्हापासून दर थंडीत तानशाला जातो. आतापर्यंत साधा पिंगळा सव्वीस वेळा दिसला आहे. नव्या वहीत प्रत्येक वेळी डोक्याचं चित्र आहे. वही नंबर चौदा चालू आहे आणि सगळ्या वह्या पोटमाळ्यावर न ठेवता देव्हाऱ्याखालच्या कपाटात असतात. या जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी पहाटेच्या कसारा लोकलने निघून आटगावला उतरायचं ठरलं आहे. मुलांना आणायला हरकत नाही, मात्र पांढरे आणि लाल कपडे नकोत. नावं बी विंगच्या वॉचमनकडे द्यावीत.