कानातील तोल

'बोट लागणे' हा प्रकार किनाऱ्यावरील माणसाला सांगावयास नको. होडी हेलकावू लागली की भोवळ येते, पोटात ढवळते आणि आपण दोष देतो तो पित्ताला किंवा समुद्राला. या भोवळीचे मूळ बव्हंशी कानात असते. कानाच्या गाभ्यात ध्वनी ग्रहण करणाऱ्या शंखाकृती भागाला लागूनच द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत आणि शरीराचा तोल त्यांच्यावर फार अवलंबून असतो. या नलिका नीट काम करतात की नाही, हे रुग्णाच्या खाटेपाशीच ताडून पाहण्याची रीत ज्यांनी घालून दिली, ते डॉ. रॉबर्ट बारानी कानाच्या डॉक्टरांखेरीज इतरांना फारसे ठाऊक नाहीत.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नात झाला. बालपणी हाडांचा क्षय जडला व त्यातून एक गुडघा कायमचा ताठ राहिला. वैद्यकाची ओढ या आजारपणातच लागली. १९०० साली पदवी घेऊन, काही काळ जर्मनीत शिकून, ते आडाम पोलिट्झर यांच्या विख्यात कर्णचिकित्सालयात रुजू झाले. तेथे कान धुण्याचे काम नित्याचे. पिचकारी मारली की काही रुग्णांना घेरी येई व त्यांची बुबुळे एका दिशेने झटके देऊ लागत. हे इतरांनीही पाहिले होते. एका रुग्णाने मात्र पाणी फार गार असल्याची तक्रार केली. बारानींनी पुढे पाणी अधिक ऊन घेतले, तेव्हाही घेरी आलीच. पण बुबुळांचे झटके आता उलट दिशेने होते! दुसरा एखादा डॉक्टर कोमट पाण्याची ताकीद देऊन मोकळा झाला असता. बारानी विचारात पडले. न्हाणीतील बंबात ऊन पाणी वर चढते, थंड पाणी तळाशी बसते. कानातील द्रवाचेही तसेच होत असले पाहिजे, असा तर्क त्यांनी बांधला. १९०६ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता दोन्ही कान आळीपाळीने तपासून कोणत्या बाजूचे तोलाचे इंद्रिय दुबळे झाले आहे, हे शस्त्र न लावता सांगता येऊ लागले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. ताठ गुडघ्याचे कारण पुढे करून घरी राहणे त्यांना सहज शक्य होते. ते स्वेच्छेने सैन्याचे शल्यवैद्य झाले आणि प्शेमिश्लच्या वेढलेल्या किल्ल्यात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत राहिले. मार्च १९१५ मध्ये किल्ला पडला व बारानी रशियनांचे युद्धकैदी झाले. त्यांची रवानगी मध्य आशियातील मर्व्ह येथे झाली. तेथे हिवताप पाठीस लागला, तरी रुग्णसेवा सुटली नाही. १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आपणास मिळाल्याची वार्ता त्यांच्या कानी आली ती या बंदिवासात. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीने रशियाच्या झारकडे रदबदली केली आणि १९१६ साली सुटका झालेल्या बारानींनी स्टॉकहोमला जाऊन पारितोषिक स्वीकारले.

शत्रूच्या राजाने सोडले, पण स्वकीयांनी धरले. व्हिएन्नात परतताच, पूर्वसूरींचे ऋण आपल्या लेखनात पुरते मान्य केले नाही, असा आरोप सहकाऱ्यांनी त्यांच्यावर ठेवला. आरोपाला आधार मुळीच नव्हता असे म्हणता येणार नाही. फ्लुरांस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कबुतरांवर प्रयोग करून या नलिकांकडे लक्ष वेधले होते. पुढे ब्रॉयर आणि माख यांनी त्यांतील द्रवाच्या हालचालीची उपपत्ती मांडली होती. परंतु पारव्याच्या कानातील शास्त्र माणसाच्या उशाशी आणून उभे करणे हे वेगळेच काम आहे, आणि ते बारानींचे. आमच्या मते या गदारोळात सत्यापेक्षा असूयेचा वाटा मोठा होता. विद्यापीठाने प्राध्यापकपद दिले नाही. १९१७ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले आणि जन्मभूमी सुटली ती कायमची.

त्यांचा बंबाचा तर्कही अपुराच होता, हे नमूद करणे अगत्याचे आहे. १९८३ साली स्पेसलॅब या अंतराळ प्रयोगशाळेत, जेथे ऊन द्रव वर चढत नाही आणि थंड द्रव खाली बसत नाही, तेथेही या परीक्षेत बुबुळे हललीच. उष्णतेचा काही परिणाम थेटही होत असला पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला जातो. परीक्षा मात्र टिकली आहे. ३० आणि ४४ अंशांच्या पाण्याने ती आजही केली जाते.

उप्सालात त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. अंथरुणात कूस बदलताच खोली गरगरते, ही कित्येक प्रौढ माणसांची तक्रार. अशा भोवळीचे पद्धतशीर वर्णन बारानींनी १९२१ साली केले आणि तिचा संबंध त्यांनी आतल्या कानातील सूक्ष्म खडेयुक्त इंद्रियाशी जोडला. ८ एप्रिल १९३६ रोजी, साठी पुरी होण्यास चौदा दिवस उरले असताना, ते उप्सालात निवर्तले. त्या भोवळीवरील उपाय त्यांच्या हयातीत सापडला नाही. आज डॉक्टर रुग्णाचे डोके विशिष्ट क्रमाने वळवतात, नलिकेत भरकटलेले कण मूळ जागी सरकतात, आणि पुष्कळदा काही मिनिटांतच खोली स्थिर होते.