हसूरचंपू ते गटिंगेन

विमानविद्या शिकायची तर कोणत्या कॉलेजात नाव घालावे, हा प्रश्न बारावीचा निकाल लागला की घरोघरी निघतो. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्यापुढे तो या रूपात आलाच नाही. त्यांच्या विद्यार्थिदशेत या देशात ती पदवी देणारे कॉलेजच नव्हते. त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यातला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. आपल्या बेळगावहून हे गाव काही फार लांब नाही. पण त्या गावच्या या माणसाचे नाव आमच्या वर्गात विचारले, तर दोघातिघांनाच ठाऊक निघाले. म्हणून हा लेख.

मुंबईत विज्ञानाचे शिक्षण घेऊन घाटगे जर्मनीत गटिंगेनला गेले. इंग्रजी अमदानीतला विद्यार्थी परदेशी निघाला की सहसा इंग्लंडची बोट धरी. लंडनला विमानविद्येची सोयही होती, आणि भाषेची अडचण नव्हती. तरी त्यांनी परक्या भाषेतले विद्यापीठ पत्करले. मला त्याचे कारण एकच दिसते. तेथे लुडविग प्रांट्ल शिकवीत होते.

हे प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचे जनकच; पण विमानविद्येची पदवी त्यांच्याजवळही नव्हती. ते म्युनिकला यंत्रशास्त्र शिकले आणि न्यूरेंबर्गच्या एका कारखान्यात लागले. तेथे लाकडाचा भुसा शोषून नेणारी नळ्यांची यंत्रणा नीट चालत नव्हती. नळी पुढे रुंद केली की हवेचा दाब वाढायला हवा, असे पुस्तक सांगे. प्रत्यक्षात तो तेवढा वाढेना. हवा नळीच्या भिंतीपासून सुटून जात होती. ती का सुटते, याचा विचार करीत त्यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एक छोटासा निबंध वाचला. वाहत्या हवेचे घर्षण पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात मोजायचे, त्याबाहेर ते जवळजवळ सोडून दिले तरी चालते, असे त्यात होते. तोच तो सीमास्तर. विमानाचा पंख हवेला किती अडतो आणि कधी एकदम उचल सोडतो, हे त्यातून उलगडू लागले. भुशाच्या नळीतून विमानाचा पंख निघाला, असे म्हटले तरी चालेल!

अशा गुरूपाशी काम करून घाटग्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. या काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३३ मध्ये हिटलरची राजवट आली आणि माक्स बोर्न, रिचर्ड कूरांट, एमी नोएथर यांच्यासारख्यांना गटिंगेनमधून काढून टाकण्यात आले. गणिताची पंढरी म्हणून गाजलेले ते गाव दोन-तीन वर्षांत ओस पडले. दारावरची पाटी मात्र तीच होती. प्रांट्लचे दालन चालू राहिले म्हणून घाटग्यांचे काम पुरे झाले.

हे सारे मी वाचून काढले ते बालाघाटच्या पत्रामुळे. आमचे मूळ घर तिकडचे. वैनगंगेकाठी काकांची धानाची शेती आहे. गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमाने उडतात आणि आमच्या चुलतभावाची मान लहानपणापासून वरच असते. त्याला आता एरोस्पेस इंजिनिअर व्हायचे आहे. एका खासगी कॉलेजाचे चकचकीत माहितीपत्रक घरी आले आहे, मुखपृष्ठावर अग्निबाण आहे, आणि त्याच्या फीसाठी काका दोन एकर धानाची जमीन काढायला निघाले आहेत. मला त्यांनी लिहिले, तू शिकलेली आहेस, सांग.

मी आधी एवढेच कळवले की, काका, येथे तीन वाटा एकीत एक मिसळल्या आहेत. बिरसीला शिकतात ते विमान चालवायला. विमानाची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचा परवाना निराळा, तो नागरी विमान महासंचालनालय देते. आणि विमान वा अग्निबाण मुळातून रचायला शिकवते ती इंजिनिअरिंगची पदवी. त्या पत्रकात तिन्हींची छायाचित्रे एकाच पानावर होती. पदवीसाठी मुंबई, कानपूर, मद्रास, खरगपूर येथील आयआयटी आहेत. अवकाश खात्याने २००७ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ काढलेली संस्था आहे. मद्रासच्या क्रोमपेटचे एमआयटी १९४९ पासून हा विषय शिकवते. अब्दुल कलाम तेथलेच. तेही आधी तिरुचिरापल्लीला बी. एस्‌सी. झाले होते, आणि क्रोमपेटच्या आवारात ठेवलेली दोन जुनी विमाने पाहून त्यांनी हा विषय धरला. येथे जागा मिळाली तर उत्तमच. न मिळाली तर जबलपूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल घ्यावे, असे माझे मत आहे. पंख आणि इंजिन यांचा पाया तोच आहे. पुढे गेट परीक्षा देऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एरोस्पेसचे एम. टेक. करता येते. जमीनही राहते.

त्या बंगळूरच्या विभागाची हकिकत पुन्हा घाटग्यांपाशीच येते. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. परदेशी विमाने जोडण्या-दुरुस्त करण्याचे काम भरपूर होते. पण आपले विमान आखायचे तर माणसे कोठून आणायची? घाटगे आरंभीच्या काळातच तेथे दाखल झाले आणि सैनिक नेणारे एक ग्लायडर त्यांनी आखले. १९४२ च्या डिसेंबरात विज्ञान संस्थेत विमान इंजिनिअरिंगचा विभाग उघडला, देशातला पहिला. त्याच्या पहिल्या अध्यापकांत घाटगे होते. स्वतःला जे कॉलेज मिळाले नव्हते, ते त्यांनी चौतिसाव्या वर्षी दुसऱ्यांसाठी उभे करायला घेतले.

पुढचे काम बरेच जणांना माहीत आहे. त्यांच्या चमूने आखलेले एचटी-२ हे दोन बैठकांचे शिकाऊ विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले. आराखड्यापासून बांधणीपर्यंत येथे झालेले ते पहिले विमान. पुष्पक १९५८ चे, कृषक १९५९ चे, आणि किरण हे जेट १९६४ चे. दुसऱ्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. तीसेक वर्षे आपल्या हवाईदलातल्या मुलांनी उडायला सुरुवात केली ती एचटी-२ वर. ६ डिसेंबर १९९१ रोजी घाटगे गेले.

बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात एक एचटी-२ ठेवलेले आहे. सुट्टीत चुलतभावाला ते दाखवायचे ठरले आहे. पण आधी त्याचे कलनशास्त्र पक्के व्हायला हवे. तिकीट मी त्यानंतरच काढणार आहे.