घरातली उरलेली दारू आणि गाडगेबाबांचे बालपण

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना एक प्रश्न नेहमी ऐकायला मिळतो. तो बहुधा रुग्ण विचारत नाही. रुग्ण बाहेर औषध घ्यायला गेला की त्याची बायको किंवा आई हळूच विचारते, "डॉक्टर, यांनी तर सोडायचं ठरवलं, पण घरी दोन-तीन बाटल्या अर्ध्या पडल्या आहेत. त्यांचं काय करू? पैसे लागले आहेत त्याले." प्रश्न छोटा वाटतो, पण कितीतरी घरांत पुन्हा पिणे सुरू होते ते या उरलेल्या अर्ध्या बाटलीपासूनच. उत्तर देताना मला आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा आठवतो. तुम्ही त्याला ओळखता, फक्त म्हातारपणच्या रूपात.

देबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे संत गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात झाला. घर परिटाचे. वडील झिंगराजी, आई सखुबाई. त्या काळच्या अनेक घरांप्रमाणे या घरातही देवाला बोकड आणि दारूचा नैवेद्य दाखवायची रीत होती. म्हणजे दारू घरात आली ती देवाच्या नावाने. नैवेद्य दाखवून झाला की भांड्यात उरते ते प्रसाद म्हणून पोटात जाते, पाहुणा आला की पुन्हा आणावी लागते, आणि हळूहळू देवाचे निमित्तही लागेनासे होते. झिंगराजींचे तसेच झाले. शेतीवाडी गेली, शरीर खचले आणि १८८४ साली ते वारले. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता. चरित्रांत असे सांगतात की शेवटी शेवटी त्यांना आपल्या हातून काय झाले ते पुरते कळले होते, आणि मुलाला या वाटेला लावू नकोस असे त्यांनी सखुबाईंना बजावले.

तुमच्या घरात आता दारू कशी येते ते एकदा आठवून पाहा. लग्नाच्या मांडवातून उरलेली, आखाडीला आणलेली, तेरवीला आलेल्या पाहुण्यांसाठी ठेवलेली, पुण्या-मुंबईहून आलेल्या भाच्याने भेट दिलेली. पिण्यासाठी म्हणून फार कमी घरांत ठेवतात. ती असते कशाच्या तरी निमित्ताने, आणि म्हणूनच फेकताना हात अडतो.

वडील गेल्यावर सखुबाई देबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. मामांकडे गुरे राखणे, नांगर धरणे यात देबू वाढला. शाळा नाही. पुढे सावकाराने कागदावर अंगठे घेऊन मामांची जमीन गिळायला घेतली, तेव्हा या अडाणी मुलाने शेतातून हलायला नकार दिला, हा प्रसंग तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचला असेल.

मला डॉक्टर म्हणून त्यापेक्षा दुसरा प्रसंग मोठा वाटतो. १८९२ साली देबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले आणि पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारूचे जेवण घालायचे ही रीत. देबूजींनी गोडाचे जेवण घातले. दारूचा थेंब नाही. लोक चिडले, नावे ठेवली, देव कोपेल म्हणाले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या तरुणाने आपल्या घरात दारू येण्याचे दारच बंद केले, आणि तेही सगळ्यांसमोर, ज्या दिवशी नाही म्हणणे सर्वांत अवघड असते त्या दिवशी. व्यसनमुक्तीच्या उपचारात आम्ही आजही हेच शिकवतो. मनाचा निश्चय लागतोच, पण हाताच्या अंतरावर बाटली नसणे हे निश्चयापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडते. दारू पिण्याची तीव्र इच्छा लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. बाटली फडताळात असेल तर ती लाट ओसरायच्या आत ग्लास भरतो. दुकान चार किलोमीटरवर असेल तर लाट वाटेत विरते.

शिवाय वडिलांना व्यसन असलेल्या मुलाला धोका जास्त असतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक धरला जातो. निम्मा, पूर्ण नाही. देबूजींच्या रक्तातही तो निम्मा आला असणारच.

आता तुमच्या बाटल्यांकडे येऊ. पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण यात चूक झाली तर जीव जाऊ शकतो. घरातला माणूस रोज, सकाळपासून पीत असेल, न प्यायल्यास हात थरथरत असतील, तर त्याच्या नकळत सगळी दारू ओतून देऊन त्याला एकदम बंद करू नका. शेवटच्या ग्लासानंतर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, उलटी, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून दोन दिवस घालवतात. ही बाधा नाही, ही तातडीने दवाखान्यात न्यायची अवस्था आहे. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत आधी डॉक्टर, मग बाटली. औषधे देऊन दारू सुरक्षितपणे सोडवता येते. सोबत व्हिटॅमिन बी-१ द्यावे लागते, नाहीतर मेंदूला इजा होते. अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, ज्याला आपण इर्विन म्हणतो, मानसोपचार विभागात दाखवा. फोनवर बोलायचे असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

डॉक्टरांनी उपचार सुरू केले की बाटल्या काढा, आणि रुग्णाच्या संमतीने, शक्य तर त्याच्याच हाताने. मोरीत किंवा संडासात ओता आणि वरून भरपूर पाणी टाका. चूल किंवा गॅस पेटलेला असताना स्वयंपाकघरात ओतू नका, व्हिस्की-ब्रँडीची वाफ पेट घेते. गुरांच्या हौदाजवळ नको. शेजाऱ्याला फुकट देऊ नका, त्याचे घरही घरच आहे. रिकामी बाटली धुऊन भंगारवाल्याला द्या. तिच्यात पुन्हा पाणी, रॉकेल, फिनाईल किंवा फवारणीचे औषध कधीही भरू नका. आपल्या कपाशीच्या पट्ट्यात हा सल्ला मी हात जोडून देतो. ओळखीच्या बाटलीतून अंधारात घोट घेतला आणि आत दुसरेच निघाले, अशी माणसे आणि विशेषतः मुले दवाखान्यात येतात.

जुनी दारू खराब होते का, हेही विचारतात. व्हिस्की, रम, ब्रँडी उघडल्यावर चव उतरते, पण विष होत नाही. बिअर एका दिवसात उतरते, वाईन चार-पाच दिवसांत आंबट होते, सायीची लिकर मात्र दुधासारखी नासते. लेबल नसलेली हातभट्टीची असेल तर प्रश्नच नाही, लगेच ओता. तिच्यात मिथेनॉल असले तर वासावरून कळत नाही. त्रास बारा-चोवीस तासांनी सुरू होतो, आधी डोळ्यांपुढे धूसर होते. तेव्हा झोपू न देता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

आणि ती "औषधाची ब्रँडी"? बाळाला सर्दीला चमचाभर, बाळंतिणीला थोडी, जखमेवर थोडी. तीही ओता. ब्रँडीने अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगून शरीराची उष्णता बाहेर जाते. लहान मुलाच्या रक्तातली साखर थोड्याशा दारूनेही एकदम उतरून फिट येऊ शकते. जखमेसाठीही ती कामाची नाही. चाळीस टक्क्यांच्या दारूने जंतू नीट मरत नाहीत, जखम स्वच्छ पाण्याने धुवा. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधही चालत नाही, केमिस्टला आधी सांगा.

देबूजींनी १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात झाडू आणि एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच खायचे आणि त्यातच प्यायचे, त्यावरून नाव पडले. पूर्णेच्या काठी ऋणमोचनच्या यात्रेत ते अंध, अपंग आणि कुष्ठरोग्यांना जेवू घालत. गावात गेले की दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. दारू, पशुहत्या, कर्ज काढून केलेली लग्ने, शिवाशिव हे त्यांचे विषय. पण ते उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचे. व्यसनाच्या रुग्णाशी बोलण्याची जी पद्धत आम्हाला आता शिकवली जाते ती जवळजवळ हीच आहे. तुम्हीही घरी करून पाहा. "किती वेळा सांगितलं" याऐवजी "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, सोडली तर पहिलं काय बरं होईल?" एवढे विचारा आणि मग गप्प बसा. गप्प बसणे अवघड जाते, माहीत आहे.

मिळालेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. मंदिरापेक्षा त्यांना माणसाच्या पाठ टेकण्याच्या जागेची काळजी. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. स्वतःसाठी मात्र छप्पर नाही, आणि मुलाबाळांसाठीही काही ठेवले नाही. हे मला नेहमीच थोडे कठोर वाटते. कुंताबाईंच्या वाट्याला काय आले, हे आपल्या चरित्रांत फार थोडे आहे, आणि दारूच्या घरातल्या सखुबाईंबद्दल त्याहूनही थोडे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावला, पेढी नदीच्या पुलाजवळ, गाडीतच त्यांचे निधन झाले. ऐंशी वर्षांचे होते. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे, आणि आपल्या विद्यापीठाला १९८३ पासून असलेल्या अमरावतीच्या नावाआधी आता त्यांचे नाव लागते.

मुंबईला टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला जाणाऱ्यांसाठी दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. इथून निघण्याआधी जागेची चौकशी करा, रुग्णालयाचे कागद आणि ओळखपत्र जवळ ठेवा.